लातूरचा चौथा स्वेटर

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला ठाऊक नाही, लेकीला नाही. उलट तिच्या जागी एक दुसरीच गोष्ट मी कितीतरी वर्षं सांगत आले — लग्नात, हळदीकुंकवात, लोकरीच्या दुकानात, कुणी विचारलं नाही तरी. ती अशी, की माझी धाकटी जाऊ शोभा ऐन थंडीत माझं काम अर्धवट टाकून गेली. एक शब्द बोलले तर बाईला सहन झाला नाही. मीच शिकवलं, मीच सुया हातात दिल्या, आणि मलाच पाठ दाखवली. बायका हळहळायच्या. मला बरं वाटायचं. खरं सांगू? अजूनही थोडं वाटतं.

मी मुखेडची. लग्न करून नांदेडला आले आणि जे उभं केलं ते स्वतःच्या हातांनी केलं. बिनशिवणीचे स्वेटर विणते, लहानांचे आणि मोठ्यांचेही. म्हणजे पुढचा-मागचा भाग वेगळा विणून शिवायचा नाही. गोल सुईवर खालच्या घेरापासून सलग वर जायचं, बाह्याही तशाच गोल विणून काखेत जोडायच्या. शिवण नसली की लेकरांना टोचत नाही. पण कदर आहे कुणाला? इथं थंडी असते किती दिवस, असं म्हणत येतात आणि भाव पाडतात. रस्त्यावर मशीनचा स्वस्त मिळतो म्हणून मलाच ऐकवतात. मग घ्या की रस्त्यावरचा! भाव करणं मला शिकवू नका. लोकरीचा व्यापारी मला दारात बघितलं की आधी चहा सांगतो, पुढं किती वेळ जाणार हे त्याला ठाऊक असतं.

बघा — पुन्हा भलतीकडे गेले. या गोष्टीजवळ आले की असंच होतं.

शोभा तेव्हा आमच्याच गल्लीत राहायची. किल्लारीकडची, बोलायला कमी. माझ्या दिराला तिचं हे विणणं पसंत नव्हतं. तरी घरचं सगळं उरकून ती दुपारी माझ्याकडे यायचीच. तिचं स्वतःचं म्हणावं असं घरात दुसरं काही नव्हतं. हात इतका एकसारखा की तिनं कुठं थांबून पुन्हा सुरू केलं ते शोधून सापडायचं नाही. हे मी तिला कधी बोलले नाही. बोलले असते तर तिनं मजुरी वाढवून मागितली असती — ही माझी अक्कल.

गोल विणण्यात धोक्याची जागा एकच. सुरुवातीला सगळे टाके सुईवर घालायचे आणि दोन्ही टोकं जोडून घेर करायचा. जोडताना टाक्यांची रांग सुईभोवती वळलेली नको. वळलेली जोडली की सगळ्या घेराला पीळ पडतो, आणि तो कशानंही निघत नाही. सगळं उसवावं लागतं. मोठ्या माणसाच्या घेरात टाके इतके दाटीनं बसतात की बरंच वर जाईपर्यंत कळतही नाही. म्हणून जोडणं मी कुणाच्या हाती देत नसे. जोडायचं मी, विणायचं शोभानं.

लातूरच्या एका बाईंनी घरातल्या चौघांसाठी एकसारखे स्वेटर सांगितले होते. शिमल्याला निघाले होते ते. लातूरचं माझं ते पहिलंच काम, त्यांच्यामागून त्यांची सगळी कॉलनी येईल असं मी धरून चालले होते. तीन झाले. चौथा, त्यांच्या नवऱ्याचा, सुईवर घातला आणि तेवढ्यात लोकरवाल्याचा फोन. त्यानं लोकरीचे शेवटचे गुंडे जरा गडद रंगाचे पाठवले होते. मी फोन खांद्यात धरून त्याच्याशी भांडत होते आणि हातांनी टाके जोडत होते. भांडण जिंकले. घेराकडे न बघता तो शोभाला दिला.

मग ती एकदा विचारायला आली होती. हे मला विसरता येत नाही. घेर जरा वळल्यावानी वाटायलाय अक्का, बघता का, म्हणाली. मी कशावरून तरी तापलेली होते. विणत राहा गं, सुईवरून काढल्यावर सरळ होतो, असं म्हणाले आणि हातात घेऊन पाहिलासुद्धा नाही.

लातूरच्या बाई मापं बघायला आल्या त्याच दुपारी शोभा काखेपर्यंत झालेला घेर घेऊन आली. बाह्या जोडायच्या म्हणून मी टाके दोऱ्यावर घेतले आणि दिवाणावर पसरले. पीळ. आंधळ्यालाही दिसावा असा. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी काय केलं असेल? मी शोभाकडे बघितलं.

"कितीदा सांगितलं तुला, जोडताना बघत जा म्हणून. डोळे कुठं होते?"

"जोडताना?" ती एवढंच म्हणाली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग मान खाली घातली. "चुकलं असंल माझ्याकडून."

आमचं काम या बाईकडे पुन्हा देऊ नका, लातूरच्या बाई म्हणाल्या. नाही देणार, मी म्हणाले. शोभा तिथंच उभी होती.

दिराला तेवढंच निमित्त हवं होतं. शोभानं सुया फडक्यात गुंडाळून परत पाठवल्या. पुढं ते लोह्याला गेले, तिथं ती शाळेत खिचडी शिजवते. आणि मी? चौथा स्वेटर सगळा उसवून एकटीनं पुन्हा विणला. रागारागानं विणला. हे सगळं माझ्या एकटीवर टाकून गेली, असं टाक्याटाक्याला स्वतःशी म्हणत होते. तो पूर्ण होईपर्यंत माझी ती दुसरी गोष्टही तयार झाली होती.

यंदा शोभाच्या लेकीला, पूनमला, मुलगी झाली. सासर लातूरचं. बारशाला आजीकडून लोकरीचं काही न्यावं म्हणून शोभा लोह्याहून एसटीनं माझ्याकडे आली. पिशवीत पिवळी लोकर. तूच का विणत नाहीस, म्हटलं. म्हटलं तर टोमणाच होता.

"न्हाई अक्का. माझ्या हाताला पीळ हाय. लेकराच्या अंगावर कशाला?"

इतकी वर्षं ती हे धरून बसली होती. सुईला हात लावला नव्हता तिनं. आणि मला राग कुणाचा आला सांगू? तिचाच. एवढं कुणी मानतं का? एकदा तरी येऊन माझ्याशी भांडायचं होतं! मी भांडणाला कधी नाही म्हटलंय?

मी टाके घातले. ती शेजारी बसून बघत होती. रांग बोटानं सरळ करत गेले, तोंडापासून शेवटापर्यंत, आणि मग जोडली.

"असं बघायचं असतंय व्हय," ती म्हणाली. "तुम्ही मला जोडू कवा दिलंच न्हाई."

आवाजात टोमणा नव्हता. मी शोधला, नव्हता. नुसतं आठवल्यासारखं म्हणाली आणि माझ्या हातांकडे बघत राहिली.

खोलीत आम्ही दोघीच होतो. याहून सोपी वेळ कुणाला मिळते?

"लोकर कमी आणलीस," मी म्हणाले. "यात टोपी नाही व्हायची."

लातूरला बारशात बाळाच्या अंगावर तो पिवळा स्वेटर होता. बायका उलटासुलटा करून शिवण शोधत होत्या आणि कुणी विणला म्हणून विचारत होत्या. शोभा कौतुकानं सगळ्यांना सांगत होती — आमच्या अक्कानं, माझ्या हातचं काय खरं न्हाई. मी ऐकलं. मठ्ठा वाढणारा आला तेव्हा वाटी पुढं केली.

लातूरच्या त्या चौथ्या स्वेटरात शोभाचा एकही टाका चुकलेला नव्हता. उसवताना मी सगळे बघितले होते. घेर मी जोडला होता.