मैनेची पहिली मूठ

होक्काइदो बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या हिदाका पट्ट्यात शर्यतीचे घोडे जन्माला येतात, आणि त्यांना लागणारे गवत तिथल्याच कुरणांत वाढते. या गवताचा व्यापार मोरेश्वर घारपुरे यांनी सतरा वर्षे केला. गेल्या मार्चमध्ये, बर्फ पुरते वितळायच्या आत, ते हृदयविकाराने गेले. एकोणपन्नासाव्या दिवशी तिथल्या रीतीप्रमाणे लोक भेटायला आले, तेव्हा निम्म्यांच्या हातात फुले होती आणि निम्म्यांच्या हातात गाजरे. फुले तसबिरीपुढे ठेवली गेली. गाजरे मागच्या पागेत, मैनेकडे गेली. मैना ही त्यांची अठ्ठावीस वर्षांची कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी, घोडी. त्यांच्या पत्नीला, सुमेधाला, या वाटणीत काही वावगे वाटले नाही. तसबिरीतल्या माणसाने स्वतःही अशीच वाटणी केली असती.

मोरेश्वर मूळचे मिरजेचे. शाळेत जायला टांगा होता आणि टांग्याला मैना नावाची घोडी. शेजारच्या मळ्यातला मूठभर लसूणघास दप्तरात लपवून तिला नेऊन घालायचा, हा त्यांचा नेम. त्या वासाची पुस्तके घेऊन ते इंजिनियर झाले. पुण्याच्या एका कंपनीने त्यांना योकोहामाला पाठवले. तिथे काही वर्षे त्यांनी इतरांसारखीच ट्रेनमध्ये उभ्याने काढली. मग घोड्यांच्या एका लिलावाची संगणक-व्यवस्था बसवायला कंपनीने त्यांना पंधरा दिवस हिदाकाला धाडले. परतले ते मोज्यांत गवताची कुसळे घेऊनच.

"आपण तिकडे जायचं," ते सुमेधाला म्हणाले.

"किती दिवस?"

"गवत संपेपर्यंत."

मिरजेहून वडिलांचा फोन आला, "पोराला इंजिनियर केला, तर जपानात जाऊन गवत्या झाला!" मोरेश्वर यांनी ते बिरूद आनंदाने स्वीकारले. सुमेधाने मात्र सावधपणे गावातल्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, अर्धवेळ काम धरले. एकाने आकाशाकडे पाहावे आणि दुसऱ्याने जमिनीकडे, अशी त्या संसाराची रचना होती.

पहिल्याच उन्हाळ्यात गवत्याची परीक्षा झाली. गवत कापल्यावर किती दिवस वाळवायचे, याचे एक सुंदर कोष्टक मोरेश्वर यांनी संगणकावर बांधले होते. त्यात ऊन होते, वारा होता. समुद्रावरून सकाळी चढणारे धुके नव्हते. आतून दमट राहिलेले गठ्ठे सुगावारा-सान यांच्या घोडेफार्मवर गेले आणि त्यांची एक गाभण घोडी पोटशुळाने आडवी झाली. घोडी वाचली, पण पोटातले शिंगरू गेले, आणि ती पुन्हा कधी गाभण राहणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. शिंगरू न देणारी घोडी पोसायला त्या धंद्यात सहसा कोणी तयार नसते; ती कसायाकडे जाते. कोणी बोलावण्याच्या आत मोरेश्वर आपण होऊन सुगावारांच्या दारात गेले, कमरेत वाकले आणि म्हणाले, "गवत माझं होतं. घोडीही माझ्याकडे द्या." सुगावारांनी घोडी दिली. पुढच्या वर्षी गवताची मागणीही दिली. घोडीचे नाव अर्थातच मैना ठेवले गेले.

तेव्हापासून एक शिरस्ता पडला. गठ्ठे गाडीवर चढले की त्यांतल्या एकाच्या पोटातून मूठभर गवत उपसायचे, ते मैनेपुढे ठेवायचे, आणि मगच गाडी हलवायची. मोरेश्वर चहाचा पेला घेऊन तिच्यापाशी उभे राहत. चहा निवून जाई, तरी हलत नसत.

"अहो, देवाला दाखवता तेवढाच वेळ नैवेद्य दाखवा. दिवसभर काय तिच्याशी गप्पा मारायच्यात?" सुमेधा चिडवायची.

"हा देव जरा चोखंदळ आहे," एवढेच ते म्हणत. त्याहून अधिक खुलासा त्यांनी कधी केला नाही, आणि सुमेधालाही तो विचारावासा वाटला नाही. नैवेद्याचे कारण कोणी विचारते का?

सुगावारा-सान सुमेधाला ओकुसान, म्हणजे बाईसाहेब, म्हणत. एकोणपन्नासाव्या दिवशी निरोप घेताना ते म्हणाले होते, "यंदाचं पहिलं गवत तुमच्याकडूनच घेतो, ओकुसान. पुढचं ते गवत पाहून ठरवू." आवाज सौम्य होता, अर्थ तसा नव्हता. सुगावारा सोडून गेले की बाकीचे फार्मवालेही जाणार, भाड्याचे कुरण जाणार आणि त्याबरोबर मैनेची पागाही. त्सुकुबाच्या संशोधनसंस्थेत काम करणारी मुलगी सई फोनवर म्हणाली, "आई, तू इकडे ये ना. मैनेचं बघू काहीतरी."

"काहीतरी म्हणजे काय, ते तुलाही ठाऊक आहे."

सई लहानपणीसारखी जपानीत पुटपुटली, "गोमेन, आई." माफ कर.

जुलैत पहिली कापणी झाली. धुक्याचा हिशेब धरून सुमेधाने गवत दोन दिवस जास्तच वाळवले. ओलावा मोजण्याच्या यंत्राने होकार दिला. विजयकुमारने गाडी भरली. तो मूळचा पुण्याच्या रेसकोर्सवरचा. हिदाकात घोडे फिरवायला आला, पडून गुडघा गमावून बसला, तेव्हा मोरेश्वर यांनी त्याच्या हाती लगामाऐवजी स्टीअरिंग दिले. सुमेधाने शिरस्त्याप्रमाणे मूठभर गवत काढून मैनेपुढे ठेवले, डोळे मिटले, हात जोडले आणि कागदपत्रे आणायला ती घरात गेली.

पागेच्या कठड्यावर चष्मा विसरला नसता, तर ती परत आलीच नसती. मैना भिंतीकडे तोंड करून उभी होती. गवत जसेच्या तसे पडले होते. सुमेधाने ते पुन्हा तिच्या नाकाशी धरले. मैनेने एकदा हुंगले, नाकपुड्या फेंदारल्या आणि मान फिरवली.

दुधाने पोळलेले माणूस ताकही फुंकून पिते. मग गवताने पोळलेली घोडी?

सतरा वर्षे सुमेधा ज्याला नैवेद्य म्हणत आली होती, ती परीक्षा होती. देवापुढे ताट ठेवले की आपण डोळे मिटतो. देवाने खाल्ले की नाही, ते पाहायचे नसते. मोरेश्वर तेवढेच पाहायला उभे राहत होते.

बाहेर गाडीचे इंजिन सुरू झाले होते. ती धावत गेली. "विजयकुमार, बंद करा! उतरवा सगळं!"

"वहिनी, दहाला पोचवायचंय. उशीर झाला तर म्हातारा दुसऱ्याकडून घेईल. आणि मशीन हो म्हणतंय, तरी तुम्ही घोडीचं ऐकताय?"

"मशीनने कधी आपलं गवत खाल्लेलं नाही."

विजयकुमारने किल्ली फिरवून इंजिन बंद केले.

सुमेधाने फोन केला नाही. एक गठ्ठा छोट्या गाडीत घालून ती स्वतःच सुगावारांकडे गेली, दारात कमरेत वाकली आणि म्हणाली, "आज गवत आणलेलं नाही. का नाही आणलं, ते दाखवायला आले आहे."

सुगावारांनी बाही सारली आणि गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घातला. काही वेळ तसाच ठेवला. बाहेर काढून हुंगला.

"आत ऊब आहे. वासही कुबट. यंत्राला कळलं नाही?"

"नाही. मैनेला कळलं." आणि तिने मुठीची सगळी हकीकत सांगितली, आपल्या मिटलेल्या डोळ्यांसकट.

म्हाताऱ्याने बाही पुन्हा खाली ओढली. मग म्हणाला, "मीही पाहायचो त्यांना तसं उभं राहिलेलं. मला वाटायचं, भारतात घोड्यांशी बोलायची पद्धत असेल." तो हसला नाही. "माझ्या घोड्यांना आज खायला हवं. आजचं दुसऱ्याकडून घेतो. सप्टेंबरच्या कापणीचं तुम्ही द्या."

पहिल्या कापणीतले बरेचसे गवत खतात गेले. कोंबिनीतले काम सुमेधाने चार तासांनी वाढवले. कुरण राहिले.

सप्टेंबरात गाडी भरून तयार झाली, तेव्हा तिने गठ्ठ्याच्या पोटातून मूठ उपसली आणि मैनेपुढे धरली. सवयीने हात जुळू लागले. ते तिने कठड्यावर ठेवले. चहा शेजारी निवत होता. मैनेने हुंगले, थांबली, पुन्हा हुंगले. मग ओठांनी गवत ओढून घेऊन ती सावकाश चावू लागली. शेवटची काडी तोंडात जाईपर्यंत सुमेधा उघड्या डोळ्यांनी पाहत राहिली, आणि मग तिने विजयकुमारला खूण केली.