तेर चालू असताना वाजलेला फोन

गिरीज गावच्या आल्बिनाला तराजू लागत नसे. पडवळांची जुडी हातात घेतली की ती वजन सांगायची. नवरा गेला तेव्हा मुलगा इग्नेशियस नऊ वर्षांचा होता. वाडीतला माल सायकलवर बांधून दोघं वसईच्या बाजाराला जात. चढ आला की सायकल अडायची. मग आल्बिना बिनकामाचं एकेक उतरवायची: ओलं गोणपाट, जेवणाचा डबा आणि शेवटी पुढच्या दांड्यावर बसलेला इग्नेशियस.

"मी बिनकामाचा का, आय?"

"आत्ता आहेस. चाल."

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या जुलैमध्ये तो लष्कराच्या हेलिकॉप्टरवर कॅप्टन होता, कारगिलला. त्याने पत्रात लिहिलं होतं, 'वर हवा इतकी विरळ की माझं मशीन एक माणूससुद्धा कसाबसा उचलतं. मी आपला चौक्यांवर बटाटे पोचवतो.' आल्बिनाने पत्र दोनदा वाचलं. बटाटे पोचवणाऱ्याला माणसाच्या वजनाची चौकशी कशाला? पण तिने कोणाला काही विचारलं नाही. मे महिन्यात तिकडे एक हेलिकॉप्टर पाडलं गेलं होतं. तेव्हापासून ती पेपर घडी न मोडता शेजारी देऊन टाकत असे.

फोन दीर फ्रान्सिसच्या घरात होता, घरातल्या वेदीच्या म्हणजे आल्ताराच्या खाली, क्रोशाच्या रुमालाने झाकलेला. इग्नेशियस दर रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर करायचा. त्या रविवारी फोन आला नाही. सोमवार ते बुधवार आल्बिना भेंडी तोडता तोडता दोन-दोनदा वाडीतून घरी येऊन गेली. फ्रान्सिसची बायको व्हेरोनिका उंबऱ्यातूनच मान हलवायची.

गुरुवारी संध्याकाळी साडेसातला सगळे फ्रान्सिसकडे तेरला बसले. तेर म्हणजे जपमाळेची प्रार्थना. सासऱ्यांच्या काळापासून नेम होता की तेर संपेपर्यंत कोणी उठायचं नाही, दूध उतू गेलं तरी. त्या अर्ध्या तासात गिरीजमधला माणूस गिरीजमधल्या माणसाला फोनही करत नसे.

तिसऱ्या रहस्याला, म्हणजे माळेच्या तिसऱ्या टप्प्याला, फोन वाजला.

तेर आल्बिना सांगत होती, बाकीचे मागून म्हणत होते. या वेळेला वाजतोय म्हणजे परका माणूस. परका कोण करणार? लष्करातलंच कोणी. फ्रान्सिसने तिच्याकडे बघितलं. तिचा एक गुडघा जमिनीवरून सुटला होता. पण ही माळ इग्नेशियससाठीच चालली होती. मधेच तुटली आणि त्याला काही झालं तर? तिने गुडघा परत टेकला आणि 'नमो मरिया' मोठ्याने म्हटलं. फोन नऊ वेळा वाजून थांबला.

"वहिनी, उठली असतीस तर कोण काय बोललं असतं?" नंतर फ्रान्सिस म्हणाला.

"तू का नाही उठलास?"

पलटून लावायला नंबर नव्हता. पुढचा तासभर तिघं फोनसमोर बसली. तो वाजला नाही.

शुक्रवारी तिने भेंडीबरोबर कोवळी फुलंही खुडली. बाजारात दोन किलो म्हणून दिलेली जुडी काट्यावर दीड भरली. गिऱ्हाईक हसलं, "आल्बिनाबाय, म्हातारी झालीस." ती काट्याकडे बघत राहिली.

संध्याकाळी पुन्हा तेर. चौथ्या रहस्याला फोन वाजला आणि पहिली घंटा संपायच्या आत आल्बिना उभी होती. तिच्या हातातली माळ खाली पडली.

"काकू, मी कॅप्टन सुमेध. इग्नेशियसबरोबर उडतो."

तिने स्टुलाची कड धरली. "सरळ सांग."

"आहे, काकू. आहे. हॉस्पिटलमध्ये आहे. डाव्या हाताला लागलंय."

"हात आहे का?"

"आहे." मग तो भराभर बोलू लागला. सकाळी ते दोघं वरच्या चौकीवर एकाच जखमीला आणायला गेले होते. तिथे दोन निघाले. दुसरा दुपारपर्यंत टिकला नसता. इग्नेशियसने मागची सीट काढून टाकली, दारं काढली, तरी मशीन उठेना. "मग मला म्हणाला, तू बाहत्तर किलो, तू उतर. मी चिडलो, काकू. एकटा कसा जाशील म्हटलं. तो म्हणाला, आमच्याकडे असंच करतात."

आल्बिनाने डोळे मिटले.

"दोघांना खाली पोचवून तो मला घ्यायला परत आला. तोवर तोफा सुरू झाल्या होत्या. मी वायरलेसवर येऊ नको म्हणत होतो. काच फोडून छर्रा हातात घुसला. त्याच हाताने त्याने मशीन टेकवलं, एवढ्याशा खडकावर. मी आत बसलो तेव्हा कुठे म्हणाला, आता तू उडव." फोन सरकवल्याची खरखर झाली. "त्याच्या कानाला लावतो. बोला."

"आय." आवाज खोल गेलेला.

"काल कोणाचा फोन होता?"

"माझाच."

"मी उठले नाही रे. तेर चालू होतं."

"माहीत होतं. म्हणून तर त्या वेळेला केला." तो दमून थांबला. "उचलला असतास तर बटाट्यांचं खोटं सांगावं लागलं असतं. पहाटे जायचं होतं. नुसती घंटा आपल्या घरात वाजावी, एवढंच."

आल्बिनाने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"आणि आज उठलीस? तेरमधून? आजोबा वर चिडले असतील."

"चिडू देत. यापुढे त्या वेळेला वाजला तर उचलीन. आणि जे असेल ते सांगायचं."

"बरं."

"त्या सुमेधला विचार, तो जेवला का."

तिने फोन ठेवून रुमाल नीट पसरला. व्हेरोनिका तोंडावर पदर धरून रडत होती. फ्रान्सिसने चिमटीतला मणी अजून सोडला नव्हता. आल्बिनाने खाली पडलेली माळ उचलली, त्याच्याकडून मणी बघून घेतला, गुडघे टेकले आणि तिथून पुढे सुरू केलं.