निवृत्ती कोतवालाच्या घरचा दिवा

निवृत्ती कोतवालाचा आवाज डफड्याशिवायही शिवेपर्यंत पोचे. रोहिणखेडच्या वाटेवरच्या आमच्या गावात देवीची लस टोचणारे आले, कोणाचा बैल हरवला, की तो ओरडत फिरे आणि जाता जाता कोणाची तरी टिंगल करी. महाराष्ट्र होऊन सातेक वर्षं झाली असतील, त्या साली त्याची कौतिका तापानं गेली. एकुलती लेक. मग तो बोलेनासाच झाला.

तिचा दहावा व्हायचा होता. जिथं तिनं जीव सोडला तिथं पिठावर दिवा तेवत होता. दहाव्यापर्यंत तो विझू द्यायचा नसतो. त्याच्या उजेडात गेलेल्याला वाट दिसते. निवृत्तीची बायको रुखमाबाई दिव्याजवळून हलत नव्हती.

अशात एका सकाळी मलकापूरहून पेट्रोल घेऊन निघालेली टाकीची गाडी गावावरच्या उतारावर कलंडली. टाकी फाटली, पेट्रोल नाल्यात उतरलं, आणि नाला तर गावाच्या मधून जातो. बाया-माणसं घागरी, डबे, घंगाळं घेऊन धावली. ड्रायव्हर शेषराव कपाळातून रक्त गळत असताना हात जोडत होता.

"भरू नका बापहो. याच्या वाफेलेबी आग लागते, अन् वाफ भुईवरून सरपटत घरात शिरते. आधी गावातला सारा इस्तू विझवा."

निवृत्ती सुतकात होता. तरी निघाला. कोणाच्या दाराला न शिवता अंगणा-अंगणातून ओरडत गेला, "चुलीत पानी ओता अन् टेकडावर चला." लोहाराचा भाता त्यानं बंद करवला. नाल्यात टोपल्यांनी माती टाकून बांध घालायला माणसं लावली. काठावर गुलाबराव बिडी ओढत उभा होता.

"बिडी विझव बे गुलाब्या."

"आत्ताच तं पेटवली."

"तुले जायाचं तं जाय. आमाले काऊन संग नेतं?"

गुलाबरावनं बिडी चिखलात खुपसली आणि सहज विचारलं, "अन् तुह्या घरचा दिवा?"

निवृत्ती घराकडे वळला. त्याचं घर नाल्याला लागूनच होतं.

तो आत आला तेव्हा रुखमाबाई दिव्याला पदराचा आडोसा करून बसली होती.

"दार लावा," ती म्हणाली. "मंग वास येनार नाही."

"आलाच हाय वास."

"तं मले दिव्यासंग टेकडावर नेऊन घाला."

"उंबऱ्यातच पेट घेईल."

"तिले अंधाराचं भेव वाटे. तुमाले ठाऊक हाय. रातच्याले अंगनात जायाचं तरी तिले तुमचं बोट लागे."

त्याला ठाऊक होतं. फुंकर मारायला जीव धजेना. त्यानं बोटं ओली केली आणि चिमटीत वात धरली. रुखमाबाई रडली नाही. उठली आणि टेकडाकडे चालू लागली.

काहीच पेटलं नाही. दुसऱ्या दिवशी वास गेला, चुली पुन्हा धडधडल्या. काही झालंच नाही, म्हणून काही टळलं असं कोणाला वाटलंही नाही. "कोतवालानं फुकाच उपाशी मारलं," म्हणून लोक हसले. निवृत्तीनं त्याच जागी पुन्हा दिवा लावला. रुखमाबाईनं तिकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"देवाजवळ नेऊन ठेवा. तिची वाट तं मधातच तुटली."

दहाव्याला त्यानं नदीवर भाताचा घास ठेवला. कावळे बाभळीवर बसून राहिले, एक खाली उतरेना. भावकीनं नाना वचनं देऊन पाहिली. उन्हं कलली. शेवटी निवृत्ती पाण्यात गुडघाभर गेला आणि त्याचा शिवेपर्यंत पोचणारा आवाज पुन्हा निघाला.

"कौतिके, दिवा म्या विझवला वं. तुह्या मायचा काई दोष नाही. तू ये."

कावळे हलले नाहीत. तो मागं वळला. रुखमाबाई दूर धोंड्यावर बसली होती.

"तू बोलाव," तो म्हणाला. "तुह्यं ऐकल ती."

तिनं एकदा नदीच्या वरच्या अंगाला पाहिलं, एकदा खालच्या.

"कोन्या बाजूले तोंड करून बोलावू?" ती म्हणाली.