रुग्णास सहाव्या मशीनवर हलवण्याबाबत

“तुमची दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ थांबली आहेत,” डॉक्टर म्हणाले आणि रिपोर्टमधल्या एका आकड्याभोवती त्यांनी पेनाने गोल केला. क्रिएटिनीन अकरा. क्रिएटिनीन हा स्नायूंच्या कामातून तयार होणारा टाकाऊ पदार्थ. मूत्रपिंडं चालू असतील तर रक्तात तो एकच्या आसपास राहतो. मळमळ आणि पायांची सूज मी पित्तावर ढकलली होती. त्यात तीन आठवडे गेले.

दुसऱ्या दिवशी मानेच्या शिरेत कॅथेटर, म्हणजे रक्त बाहेर नेण्या-आणण्याची नळी, बसवली. डायलिसिस सुरू झालं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर वेळी चार तास.

ज्यांना हे नव्याने सांगितलं गेलं असेल त्यांच्यासाठी एक गोष्ट आधीच लिहिते. शनिवार ते मंगळवार हे अंतर सर्वांत मोठं. त्या दिवसांत शरीरात पाणी साठतं आणि पोटॅशियम वाढतं. वाढलेलं पोटॅशियम हृदय बंद पाडू शकतं. मंगळवार चुकवायचा नसतो.

बोईसरच्या आमच्या केंद्रात सहा मशीन आहेत. पाच एका हॉलमध्ये. सहावं काचेच्या भिंतीपलीकडे, त्यावर ‘सी पॉझिटिव्ह’ अशी पट्टी. हिपॅटायटिस सी हा यकृताचा, रक्तातून पसरणारा संसर्ग. तो असलेल्या रुग्णांसाठी मशीन वेगळं ठेवतात. त्यासाठी प्रत्येकाचे व्हायरल मार्कर्स, म्हणजे हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या रक्ततपासण्या, आधी करून घेतात.

माझ्या शेजारच्या मशीनवर जोसेफ आला. टांझानियाचा, तिशीच्या आतला, तारापूरच्या एका औषध कारखान्यात प्रशिक्षणासाठी आलेला. तिथेच कामचलाऊ हिंदी शिकलेला. त्याची फाइल दोन खाटांच्या मध्ये टांगलेली असे. मी ती वाचली होती. तिन्ही मार्कर्स निगेटिव्ह.

पहिल्याच दिवशी समोरच्या खाटेवरच्या, चिंचणीच्या हिराबाईंनी नाकाला पदर लावला. सिस्टरने वास कसला येतोय असं विचारलं, तर म्हणाल्या, “जल्मभर मासली विकली मी. वासाचं मला नको सांगू.” पलीकडच्या खाटेवरचे, पाम गावचे पाटीलकाका कारखान्यातून निवृत्त झालेले. हे लोक पावडर विकतात, मुंबईत रोज पकडले जातात, असं ते जोसेफला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. याला हा आजार कशाने झाला ते विचारा, असंही म्हणाले. त्यांना तो मधुमेहाने झाला होता. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

मग त्यांनी थेट जोसेफलाच विचारलं, “क्या रेट है आजकल?”

“डायलिसिस का, अंकल? आपके जितना ही,” तो म्हणाला. कोणी हसलं नाही.

मी सव्वीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केलं. ‘नायजेरियन टोळी’ हा मथळा मी स्वतः दिलेला आहे. पकडलेले तिघे तीन देशांचे होते. मथळ्यात एक मावला.

तिसऱ्या आठवड्यात जोसेफला काचेपलीकडे हलवावं, असा अर्ज द्यायचं ठरलं. लिहिता येणारी मी. मी लिहिला. ‘सदर परदेशी रुग्णाच्या पूर्वेतिहासाची खात्रीशीर माहिती आम्हांस नाही. त्यामुळे इतर रुग्णांमध्ये चिंतेचे वातावरण आहे. तरी रुग्णास सहाव्या मशीनवर हलवावे.’ प्रत्येक शब्द सिद्ध करता आला असता. त्याचे रिपोर्ट निगेटिव्ह आहेत, हे त्यात नव्हतं. नऊ सह्या झाल्या. पहिली माझी.

पुढच्या मंगळवारी जोसेफ आला तेव्हा त्याचा चेहरा सुजलेला होता. माझं डायलिसिस नुकतंच सुरू झालं होतं. सिस्टरने अर्जावरून त्याला काचेपलीकडे जायला सांगितलं. तो आत गेला, पट्टी वाचली आणि परत आला.

“मेरा रिपोर्ट निगेटिव्ह है, सिस्टर. उसपे नहीं बैठूँगा.”

मग बाहेर बस, असं त्याला सांगण्यात आलं. तो दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसला. दार उघडं होतं. माझ्या शेजारचं त्याचं मशीन तयार होतं आणि रिकामं होतं.

“बसल नि जाईल,” हिराबाई म्हणाल्या. “रानातली मानसं ती. त्यांना काय व्हतंय.”

पाटीलकाका हसले. मी डोळे मिटून घेतले.

तिसऱ्या तासाला पाहिलं तर तो गुडघ्यांवर कोपरं टेकून, तोंड उघडं ठेवून बसला होता. ही बसण्याची पद्धत मला माहीत होती. पल्मनरी इडिमा, म्हणजे फुप्फुसांत पाणी भरणं. मागे टेकलं की बुडल्यासारखं होतं. पहिल्या आठवड्यात मीही अशीच बसले होते.

त्याला त्याच्या मशीनवर घ्या, असं मी सिस्टरला म्हटलं.

“मॅडम, अर्ज तुमचाच हाय ना?”

मी सही मागे घेते म्हणाले.

“नऊ हायत. एक गेली तर आठ उरतात.”

मी कागद मागितला. चार ओळी लिहिल्या. निगेटिव्ह रिपोर्ट असलेल्या रुग्णास ‘सी पॉझिटिव्ह’ मशीनवर बसण्यास सांगितले. त्याने नकार दिल्याने डायलिसिस केले नाही. रुग्ण दाराबाहेर असून त्यास धाप लागली आहे. वेळ दुपारी दोन वाजून दहा मिनिटे. खाली सही केली आणि शिक्का मारून पोच द्या म्हणाले.

सिस्टरने तो कागद दोनदा वाचला. शिक्का मारला नाही. डॉक्टरांना फोन लावला. त्यांचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. “निगेटिव्ह पेशंटला सी-च्या मशीनवर धोका थोडा का असेना, मुद्दाम कशाला घ्यायचा? आधी ऑक्सिजन लाव आणि त्याच्या मशीनवर घे. मी निघालो.”

जोसेफला व्हीलचेअरवरून आत आणलं. तीन लिटर पाणी काढलं. संध्याकाळी तो आडवा झोपू शकला, असं नंतर कळलं.

हिराबाईंनी सकाळची पाळी घेतली. पाटीलकाका जोसेफला ‘मॅडमचा जावई’ म्हणतात. बातमीवाल्यांचा भरवसा नाय, दोन्हीकडनं लिहितात, असंही म्हणतात. बाकीच्या आठांपैकी कोणी सही मागे घेतलेली नाही. डबे उघडले की आता माझ्या खाटेकडे कोणी येत नाही.

आजारपणाबद्दल लिहिताना शेवटी आभार मानायचे असतात. माझे जोसेफच्या त्या नकाराचे आहेत. तो गुपचूप सहाव्या मशीनवर बसला असता तर चार तासांनी मी उठून घरी गेले असते आणि जेवले असते.

गुरुवारी हे मी त्याला सांगायला लागले. त्याने हात वर करून थांबवलं.

“पहली अर्जी भी आपकी थी. सिस्टर ने हिंदी में पढ़ के सुनाई.”

हो म्हणाले.

“उसमें झूठ एक भी नहीं था. इसलिए डर लगा.”

एवढं बोलून त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. माझे साडेतीन तास बाकी होते.