गजूभाऊंचं पथ्य

किस्से गोळा करायला वेगळं कुठे जावं लागत नाही. चार माणसं रोज एकाच टिनाखाली डबा उघडून बसली की ते आपोआप साठतात. त्यात एखादा आजारी असला, तर मग विचारूच नका!

आमचं कापूस खरेदी केंद्र नेरला. मी काट्यावर, वानखडे पावत्या लिहायला आणि गजूभाऊ ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारे. भाव पडलेले, गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत, अशी ती वर्षं. त्यातच एका दिवाळीनंतर गजूभाऊंना हार्ट अटॅक आला. नागपूरला नेऊन स्प्रिंग बसवली. वय एक्कावन्न. त्यांचे वडील याच वयात, याच दुखण्यानं गेले होते, त्यामुळे माणूस मनातून फार घाबरला. खाण्यावर एवढा जीव असलेला आमचा गजूभाऊ आता प्रत्येक घासाआधी थांबायचा. आम्हाला ते बघवायचं नाही.

*

नागपूरच्या डॉक्टरांनी तूप बंद केलं. यवतमाळचे डॉक्टर म्हणाले, चमचाभर तूप चालेल, पण शेंगदाणे नकोत. आर्णीच्या वैद्यांनी शेंगदाण्यांना परवानगी दिली आणि दही बंद केलं. शोभावहिनी, म्हणजे गजूभाऊंच्या मिसेस, शिस्तीच्या. त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला सगळ्या पदार्थांची यादी केली आणि कुणी एकानं जरी नको म्हटलं, तरी त्यावर काट मारली.

महिनाभरानं यादीत फक्त पाणी उरलं. तेही कोमट की साधं, यावर तिघांचं एकमत नव्हतं!

*

वानखड्यांना पेपरातला आरोग्याचा कॉलम मोठ्यानं वाचायची सवय. एका मंगळवारी त्यात आलं, सरकीचं तेल हृदयाला उत्तम. गजूभाऊ हरखले. जन्मभर ज्या कापसात हात घातला, त्याचीच सरकी आता जीव वाचवणार म्हणून त्यांनी संध्याकाळीच तेल घरी नेलं.

पुढच्या मंगळवारी त्याच कॉलमात आलं, सरकीचं तेल टाळा. गजूभाऊंनी पेपर मागून घेतला, दोनदा वाचला आणि नीट घडी घातली.

"वानखडे," ते म्हणाले, "या आठ दिवसांत बोंड बदललं काय बे?"

*

मग आलं अँटिऑक्सिडंट. आरोग्य शिबिरातल्या मॅडमनी छान समजावून सांगितलं की लोखंडासारखं शरीरही आतून गंजतं, ते थांबवायचं तर रंगीत फळं आणि भाज्या खा. मेडिकलवाल्याचं म्हणणं पडलं की हल्ली फळांवर फवारणी फार, त्यापेक्षा पावडरचा डबा बरा. गजूभाऊंनी डबा घेतला.

आता ग्रेडरचं कसं असतं, ढिगाच्या वरचा कापूस तो बघतच नाही. कोपरापर्यंत हात खुपसून आतला काढतो. कारण वर नेहमी पांढराशुभ्र माल असतो आणि ओला, डागी माल खाली. गजूभाऊंनी अख्खा डबा पेपरवर उलटा केला. वरची पावडर चिमटीत धरून बघितली, तळाची बघितली, उन्हात नेऊन परत बघितली. काय झालं म्हणून मी विचारलं.

"वरचा अन् खालचा माल एकसारखाच आहे," ते हळूच म्हणाले. "इतक्या वर्षांत असं कधी पाह्यलं नाही. यात काहीतरी लफडं आहे."

पावडर दोन दिवस तशीच पडून राहिली. मुंग्यांनीही तिला तोंड लावलं नाही, आणि वानखड्यांनी तोच पुरावा मानला.

*

मुलीनं पुण्याहून ग्रीन टी पाठवला. वानखड्यांनी तो मोठ्या मायेनं स्वतः करून आणला. दूध, साखर, आलं, सगळं घालून! गजूभाऊ दोन कप प्याले आणि म्हणाले, एवढ्या औषधांत हे पहिलं मानवलं.

*

जानेवारीत रांग फारच वाढली. एका आजीची गाडी चार दिवस उघड्यावर उभी राहिली आणि दवानं तिचा कापूस ओलसर झाला. पाचव्या दिवशी सकाळी गजूभाऊंनी आत हात घातला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि खालचा ग्रेड लिहिला. कापूस आमच्या रांगेत भिजला होता. आम्हा तिघांनाही ते कळत होतं आणि लाज वाटत होती. आजी पावती पदराला बांधून समोरच बसून राहिली.

दुपारी गजूभाऊंनी डबा उघडला. उकडलेला दुधी, बिनमिठाचा. तीन घास खाऊन त्यांनी झाकण लावलं. आजी चार दिवस समोर बसून रोज हेच बघत होती. ती उठली, फडक्यातली ज्वारीची भाकर काढली, वर ठेचा ठेवला आणि त्यांच्यापुढे धरली.

गजूभाऊंनी हात जोडले. सीझनमध्ये कास्तकाराच्या हातचा चहासुद्धा घ्यायचा नाही, ग्रेडरनं घेतला की ती लाच होते, हा त्यांचा वीस वर्षांचा नेम. तो त्यांनी आजीला समजावून सांगितला.

आजीनं सगळं ऐकून घेतलं, पण हात मागे घेतला नाही.

"ग्रेड तर तुनं सकायीच कमी देला," ती म्हणाली. "आता ही लाच कायची? खाय बाप्पा."

गजूभाऊंनी हात धुतले आणि मान खाली घालून अख्खी भाकर खाल्ली.