विधेयक मांडणाऱ्याची मुलगी

ग्रंथालयातल्या गावच्या इतिहासाच्या पुस्तकात कुणीतरी पेन्सिलीने दुरुस्त्या करतं, तेवढं थांबवा, असं मला पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आलं. ते कुणीतरी म्हणजे मिस एडिथ, सत्त्याऐंशी वर्षांच्या निवृत्त शिक्षिका. "पुसते," त्या म्हणाल्या, "पण आधी वाच. चुकीचं छापलं की तेच खरं होऊन बसतं."

साल २००३. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोला आलो होतो. नागपुरात मी कॉलेजात शिकवायची. इथे माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, म्हणून ग्रंथालयात स्वयंसेवक म्हणून पुस्तकं लावत होते.

मिस एडिथचे वडील खोगिरं शिवायचे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला ते राज्याच्या विधानसभेवर एकदाच निवडून आले. शेजारच्या गावातल्या कापूस गिरणीत आठ-नऊ वर्षांची मुलं राबत. त्यावर बंदी आणणारं विधेयक त्यांनी मांडलं. बाजूने एकही हात वर झाला नाही. पुढच्या निवडणुकीत गिरणीवाल्यांनी त्यांना पाडलं, गावानेही त्यांच्याकडे काम टाकणं बंद केलं. काही वर्षांनी तोच मजकूर दुसऱ्या आमदाराने मांडला, मंजूर झाला, आणि पुस्तकात नाव त्याचं लागलं.

दर मंगळवारी आम्ही जुन्या वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्म यंत्रावर लावून पाहायचो. त्यांना दिसायचं कमी, मी वाचून दाखवायची. दीड वर्षाने एक बातमी सापडली, तीही टवाळीची: खोगीरवाले सदस्य रिकाम्या बाकांपुढे बोलले. मला वाचताना ओशाळल्यासारखं झालं. त्या म्हणाल्या, "तारीख लिहून घे. बोलले, एवढं तरी कबूल केलंय."

तो पुरावा पाहून गावच्या इतिहास समितीने गिरणीच्या जागी लावायच्या पाटीचा मसुदा पाठवला. त्यात शेवटच्या ओळीत वडिलांचं नाव होतं: या कायद्याला त्यांनी 'पाठिंबा दिला'. घरच्यांची सही हवी होती. मी म्हटलं, करून टाका, निदान नाव तरी लागेल. त्या उठून गेल्या आणि दोन मंगळवार आल्या नाहीत.

तिसऱ्या मंगळवारी आल्या, खुर्ची ओढून समोर बसल्या. "तुला शिकवणं सोडावं लागलं. उद्या कुणी लिहिलं, तू ते सोडून दिलंस, तर सही करशील?"

त्यांनी सही केली नाही. नंतर समितीला पत्रांमागून पत्रं पाठवली. मसुद्यातला शब्द हलला नाही.

२००६ च्या हिवाळ्यात त्या गेल्या. त्यांच्या पुतण्याने महिन्याभरात सही केली. अनावरणाला मी गेले. समितीच्या अध्यक्षांना गाठून शब्द चुकलाय म्हणून सांगितलं. ते अगदी सौजन्याने म्हणाले, ब्राँझची पाटी ओतून झाली आता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात उठले नाहीत.

घरी आले तर मुलीच्या शाळेचा फॉर्म टेबलावर होता. आईचा व्यवसाय या रकान्यात दरवर्षी मी 'काही नाही' लिहायची. त्या दिवशी लिहिलं: प्राध्यापक; या देशात कामाची परवानगी नाही. रकान्यात मावेना, तरी पूर्ण लिहिलं.