मंगळवारच्या तपासणीतल्या बायका

नायगावजवळच्या एका छोट्या प्रसूतिगृहात मी नर्स होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती सगळी वर्षं तिथंच उभ्या-उभ्या काढली. दर मंगळवारी पोटुशा बायकांची तपासणी. किस्से जमवायची हौस कुणाला होती! संध्याकाळी जेवायचंही त्राण नसायचं. पण कुणाचं तरी एखादं वाक्य कानातून जायचंच नाही. त्यांतलीच ही काही.

*

तिसरा महिना लागलेली एक सून लालबागहून सासूबरोबर आली. मी सुनेला विचारलं, "उलट्या होतात?"

"सकाळी दोनदा," सासू म्हणाली.

"झोप लागते?"

"कुठली झोप!" पुन्हा सासूच.

माझं डोकं ठणकत होतं. म्हटलं, "मावशी, मग तुम्हीच या टेबलावर. तुम्हालाच तपासते!"

सासूने पदर सावरला, सुनेकडे न बघता हळूच म्हणाली, "तपासाच बाई. मलापण चौथा लागलाय!"

*

आमच्या डॉक्टरीणबाई पुण्याच्या, बोलणं एकदम शुद्ध. पाचव्या महिन्यात बाळ हलायला लागतं, म्हणून त्यांनी परळच्या एकीला विचारलं, "काय, चळवळ जाणवते का?"

"जाणवते तर! आमचे हे पंधरा दिवस तुरुंगात आहेत!"

डॉक्टरीणबाई हसल्या. ती नाही हसली. मी तिचा हात तिच्या पोटावर ठेवला. "आणि ही?"

"ही पण," म्हणाली, आणि रडायलाच लागली.

*

बीडीडी चाळीतल्या कौसल्येचे पाय सातव्यात भप्प सुजले. मी सांगितलं, "रोज तासभर पाय वर घेऊन बस." पुढच्या मंगळवारी सूज तशीच.

"बसलीस का?"

"बसले ना."

"कधी?"

"आत्ताच, तुमच्या बाकावर! एका खोलीत आम्ही नऊ माणसं. पाय पसरू कुठं?"

*

मग माझेच दिवस भरत आले. आठवा चालू, तरी ड्यूटी सुटेना. भिंतीला टेकून मी एकीला सांगत होते, "आता फार वेळ उभं राहायचं नाही हं."

ती चार पोरांची आई. टेबलावरून खाली उतरली. "सरका! तुम्हीच आडव्या व्हा बाई."

आणि मी झाले! दहा मिनिटं. ती दाराशी उभी राहून रांगेला सांगत होती, "थांबा गं, आत तपासणी चाललीय!"

*

आणि तो कर्फ्यूचा दिवस. भर दुपारी हातगाडीचा खडखडाट ऐकून मी दार उघडलं. गाडीवर गोधडीत कळा देणारी बाई. गाडी ढकलत होते तिचा नवरा, चाळीतले दोघे, आणि घामाने निथळणारा एक हवालदार! तो त्यांना पकडायला आला होता. बाईची किंकाळी ऐकली आणि त्यानेच काठी गाडीवर टाकून खांदा लावला.

बाळ पायाळू होतं. दोन तास आम्ही झगडलो. बाहेर आले तेव्हा चौघे एका ओळीत बसलेले.

"मुलगी झाली."

नवरा धडपडत उठून उभा राहिला. हवालदारानेच विचारलं, "दोघी धड आहेत ना?"

"आहेत."

त्याने टोपी घातली, काठी उचलली आणि करड्या आवाजात त्या तिघांना म्हणाला, "कर्फ्यू आहे. मी दहापर्यंत मोजतो. तेवढ्यात घरी पोचायचं!"

भिंतीकडे तोंड करून त्याने सुरुवात केली. "एक..."

तिघे पळाले. गल्ली रिकामी झाली. मी आत जाऊन मुलीला पुसलं, गुंडाळलं, आईच्या कुशीत दिलं आणि परत दाराशी आले.

हवालदार अजून भिंतीकडेच बघत उभा होता. म्हणाला, "दोन."